काचेच्या दुकानासमोरचा फलंदाज

बॅटिंग देखणी असावी, हे जगात पहिल्यांदा कोण बोललं ते मला माहीत नाही. सापडला तर मी त्याला आमच्या दुकानात आणून स्टुलावर बसवणार आहे आणि विचारणार आहे, की बाबा रे, धावफलकावर देखणेपणाचा रकाना कुठे असतो तेवढं दाखव. दाखवेपर्यंत त्याला पाणीसुद्धा विचारणार नाही.

मला राग येतो. लवकर येतो आणि आला की लवकर जात नाही. आमच्या घरातला रागाचा सगळा वाटा माझ्याकडे आला आणि माझ्या मोठ्या भावाला, दादाला, काहीच उरलं नाही. लहानपणी दोघांच्या वाटणीचा मार तो खायचा आणि दोघांच्या वाटणीचं रडायचं काम माझ्याकडे असायचं. आता मी चाळिशी ओलांडली, तो पंचेचाळिशीला टेकला, तरी कारभार तोच आहे. कुणी त्याला काही बोललं की तो गप्प, आणि इकडे माझ्या तळपायाची आग मस्तकात.

दादा काच कापतो. दुकान वडिलांच्या वेळचं आहे. खिडक्यांच्या काचा, आरसे, फोटोंच्या फ्रेमा. पुढे काउंटरवर मी असते, मागे मोठ्या टेबलापाशी तो. गिऱ्हाइकाशी बोलायचं काम माझ्याकडे कसं आलं हे वेगळं सांगायला नको. दादाकडे असतं तर आम्ही सगळ्या काचा फुकट वाटून मोकळे झालो असतो.

काच कापणं बघायला कुणी थांबत नाही, इतकं ते साधं दिसतं. टेबलावर जाड सतरंजी, तिच्यावर काच आडवी. दादा पट्टी लावतो, हिरकणी, म्हणजे टोकाला हिऱ्याचा कण बसवलेली लेखणी, रॉकेलात बुडवतो आणि एकच रेघ ओढतो. एकच. त्याच रेघेवरून पुन्हा हात फिरवला की काच हवी तशी फुटत नाही, तिला हवी तशी फुटते. मग तो काच टेबलाच्या कडेबाहेर सरकवतो आणि हिरकणीच्या मागच्या दांडीनं खालून हलकं हलकं ठोकत जातो. टुक, टुक, टुक. रेघ आतल्या आत उकलत जाते. शेवटी दोन्ही हातांनी जरा दाबलं की काच मुकाट्यानं दोन होते.

मैदानावरही त्याचं तेच. गोलंदाज धावत येईपर्यंत बॅट जमिनीवर टुक, टुक. चेंडू आला की टुक. ऑफ स्टंपच्या बाहेर असला तर बॅट वर उचलून सोडून द्यायचा, आणि पुन्हा टुक, टुक. म्हणून त्याला नाव पडलं टुकटुक. पडलं म्हणजे आपोआप नाही पडलं. नावं आपोआप पडत नाहीत, कुणीतरी पाडतं. हे पाडलं शेठनं.

शेठ म्हणजे फर्निचरच्या मोठ्या शोरूमचा मालक आणि आमच्या इथल्या क्रिकेट क्लबचा अध्यक्ष. तो म्हणेल तो कप्तान, तो म्हणेल तो संघ. त्याच्या कपाटांचे आरसे आमच्याकडून जातात, त्यामुळे मलाही त्याच्याशी दात दाखवून बोलावं लागतं. माझं हसणं त्या वेळी कसं दिसत असेल याची मला कल्पना आहे, समोर आरसेच असतात.

दादाची उभं राहायची पद्धत चांगली नाही, हे मीही मान्य करते. गुडघे वाकलेले, पाठ पुढे झुकलेली, पार्श्वभाग मागे. भरलेली बादली उचलायला वाकलेल्या माणसाला मध्येच दुसरं काहीतरी आठवावं, तसा तो दिसतो. पण हा माणूस वीस-बावीस वर्षं क्लबकडून सलामीला खेळला. नवा चेंडू अंगावर घेतला, बोटं सुजवून घेतली, चेंडू जुना करून मागच्यांच्या हवाली केला. मागच्यांनी त्यावर चौकार मारले आणि टाळ्या घेतल्या. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, तशातली गत.

सलूनमध्ये काय चालायचं ते मला तिथल्या न्हाव्याच्या बायकोकडून कळायचं. एक म्हणे, "काल मखमलनं वीसच काढले, पण काय वीस काढले!" दुसरा म्हणे, "टुकटुकनं सत्तर काढले, पण बघवत नव्हतं हो." वीस बघायला डोळे आहेत आणि सत्तर मोजायला बोटं नाहीत. यांना जाणकार म्हणतात.

मखमल म्हणजे शेठचा भाचा. उंच, सडपातळ, शर्टाची कॉलर वर. मामाच्या बंगल्यामागच्या हिरवळीवर जाळी लावून तो खेळायला शिकला. चेंडू शिकवणाऱ्यानं उचलून आणायचा, यानं फक्त मारायचा. मुलगा वाईट नाही. आळशी आहे, आणि आपण सुंदर दिसतो हे त्याला माहीत आहे, एवढंच. नाव मात्र बघा. एकाला मखमल आणि एकाला टुकटुक. दोघांचं बारसं एकाच माणसानं केलेलं.

दादा असा का खेळतो, हे एकाही जाणकारानं कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. आम्हाला हिरवळ नव्हती. आमच्या दुकानासमोरची गल्ली होती, आणि गल्लीत दुकानाच्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या काचा. समोर काच, डावीकडे आरसे, वर लोकांच्या खिडक्या, त्यांच्या काचाही आम्हीच बसवलेल्या. रबरी चेंडू बॅटला लागला की तो तिथेच, पायाशी, मेला पाहिजे. उडाला तर काच गेली.

एकदा तो उडाला. दादा तेव्हा मिरचीएवढा होता, मिरची म्हणजे त्याची मुलगी, तिच्याकडे मी येतेच. मी चेंडू टाकला होता. जरासा पुढे पडला. दादानं पुढचा पाय टाकला, कोपर वर गेलं, आणि बॅट अशी फिरली, की आवाज झाला तो बॅटचा झाला असं मला वाटलंच नाही. तो फटका मी पाहिलाय. मखमलनं आयुष्यात तसा मारलेला नाही आणि मारणारही नाही. चेंडू गल्लीभर जमिनीलगत सरळ गेला आणि एका गिऱ्हाइकासाठी तयार करून ठेवलेल्या उभ्या आरशात शिरला.

आम्हाला वाटलं, आता कातडी सोलली जाणार. वडील बाहेर आले. त्यांनी आरशाकडे बघितलं, आणि हात न उगारता पायरीवर बसले, डोकं दोन्ही हातांत धरून. बराच वेळ तसेच बसले. मग उठून एकेक तुकडा हातानं वेचायला लागले. दादाही त्यांच्या शेजारी बसून वेचायला लागला. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानंतर दादाच्या बॅटवर आलेला चेंडू पायाशीच मरायला लागला, तो आजपर्यंत.

आता मिरची. दादाची एकुलती एक. वहिनी शांत, दादा त्याहून शांत, आणि पोटी ही. नाव मीच ठेवलं. ही माझ्यावर गेली आहे असं सगळे म्हणतात, माझ्या तोंडावर जरा सांभाळून म्हणतात. शाळेच्या मुलींच्या संघात खेळते, आणि खेळते कशी, तर हुबेहूब मखमलसारखी. तशीच कॉलर, तसंच फटका मारल्यावर बॅट हवेत धरून फोटोसाठी थांबल्यासारखं थांबणं. आरशासमोर सराव करते. दुकानात आरशांना काय तोटा!

शाळेत तिला काय ऐकावं लागायचं ते तिनं घरी सांगितलं नव्हतं. मला कळलं ते फायनलच्या आठवड्यात. क्लबचा फायनल सामना सुट्टीच्या दिवशी होता आणि अख्खी शाळा बघायला येणार होती. मिरची दुकानात आली, दप्तर काउंटरवर आपटलं आणि आत दादापुढे जाऊन उभी राहिली.

"बाबा, तुम्ही फायनल नका ना खेळू."

दादा पट्टी लावत होता. "का गं?"

"सगळी शाळा येणारे. आमचे क्रिकेटचे सर पण."

"मग चांगलंय की."

"काय चांगलंय! मी एक चेंडू अडवला ना, की सर म्हणतात, टुकटुक बंद कर, घरचं घरी ठेव. मग सगळ्या हसतात. मला टुकटुकची पोरगी म्हणतात, माहितीये तुम्हाला?"

मी काउंटरवरून उठले. "कोण तो सर? नाव सांग त्याचं. आत्ता जाते."

"आत्या, तू नको ना मध्ये पडू! तू आलीस की आणखी हसतील."

दादानं रेघ ओढली. मग म्हणाला, "बघू." त्याच्या भाषेत याचा अर्थ खेळणार असा होतो, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. मिरची दप्तर उचलून निघून गेली, दार असं आपटलं की शोकेसमधल्या फ्रेमा हलल्या. मला तिचा राग आला, आणि त्याहून जास्त त्या सरांचा. पण दादाच्या तोंडाकडे बघून मी परत काउंटरवर जाऊन बसले. पोरीचं बोलणं त्याच्या वर्मी लागलं होतं. त्या दिवशी त्यानं दोन काचा वाकड्या कापल्या, आणि तसं मी त्याच्याकडून कधी होताना पाहिलं नव्हतं.

आमच्याकडची ही स्पर्धा अजून जुन्या पद्धतीची आहे. दिवसभराचा सामना असतो, षटकांचं बंधन नाही. संध्याकाळपर्यंत नंतर खेळणाऱ्या संघाचे सगळे बाद झाले नाहीत तर सामना अनिर्णित. गुणांत आमचा क्लब पुढे होता, म्हणजे सामना नुसता अनिर्णित सुटला तरी विजेत्यांची ढाल आमचीच होती. समोरच्यांनी दुपारपर्यंत धावांचा डोंगर रचला. तो चढायची गरज नव्हती, पायथ्याशी संध्याकाळपर्यंत उभं राहायचं होतं. आणि उभं राहायला आमच्याकडे एक माणूस होता.

वहिनी सामन्याला येत नाही. दादाला ओरडलेलं तिला ऐकवत नाही. मी एकटीच दोरीजवळच्या बाकावर बसले होते. पलीकडे शाळेची पोरं, मंडपात शेठ, आणि शेठच्या शेजारी निवड समितीचे एक साहेब, खास मखमलला बघायला बोलावलेले. त्यांना संध्याकाळच्या आत परत निघायचं होतं. मखमल पॅड बांधून बसला होता, तिसऱ्या नंबरवर. म्हणजे पहिल्या दोघांतलं कुणीतरी बाद होईल तेव्हा तो येणार.

आणि कुणी बाद होईना. दादाबरोबर गॅरेजवाला खेळत होता. तो एरवी दांडपट्टा चालवतो, पण त्या दिवशी दादानं त्याला काय सांगितलं कुणास ठाऊक, तोही मान खाली घालून अडवत होता. समोरच्यांचा वेगवान गोलंदाज लाल होऊन धावत येत होता. एक चेंडू दादाच्या बरगडीत बसला, आवाज मला दोरीपर्यंत ऐकू आला. त्यानं बरगडी चोळलीसुद्धा नाही. टुक, टुक, पुन्हा तयार.

आधी पोरांनी हळू टाळ्या सुरू केल्या. मग शेठच्या शोरूममधल्या माणसांनी. शेठ घड्याळ बघत होता, साहेब जांभई देत होते. पाण्याच्या वेळेला बारावा गडी आत गेला आणि दादाच्या कानाशी लागला. काय म्हणाला ते गॅरेजवाल्यानं मला नंतर सांगितलं: "शेठ म्हणतात, एक तर मार, नाहीतर आऊट हो."

दादानं पाणी प्यायलं, बाटली परत दिली, आणि पुढचा चेंडू सोडला.

तेव्हा ते सुरू झालं. शाळेच्या बाजूनं, आधी दोघं-तिघं, मग सगळेच. "टुक-टुक-माकड! टुक-टुक-माकड!" लहान पोरं एकमेकांना वेडावतात तसं, बोटं नाचवत. मंडपातली मोठी माणसंही हसत सूर धरायला लागली. पंचेचाळिशीचा माणूस, मुलीचा बाप, त्याला माकड! मी उठले आणि त्या पोरांच्या दिशेनं चालायला लागले. एखाद्याचा कान तरी हातात येईलच असा हिशेब होता. जवळ गेले आणि पाय जागच्या जागी थांबले.

बाकावर उभी राहून, दोन्ही हातांचा कर्णा करून, मिरची ओरडत होती. मैत्रिणींच्या मधोमध. सगळ्यांत मोठ्यानं. तिचा आवाज मी हजार आवाजांत ओळखते, तो माझाच आवाज आहे. आणि दादा त्या वेळी आमच्याच बाजूच्या टोकाला उभा होता. त्यानं एकदा मान वळवून त्या बाकाकडे पाहिलं. मग बॅटच्या मुठीकडे बघत राहिला.

मी तिला खाली ओढून दोन थोबाडीत देणार होते. देवाची शपथ, देणार होते. तेवढ्यात शेठ मंडपातून उठून थेट दोरीपाशी आला आणि हात वर करून दादाला परत बोलवायला लागला. दुकानातल्या हरकाम्याला बोलावतात तसं, चार बोटांनी, ये, ये. आऊट नसलेल्या माणसाला परत बोलावत होता! अख्खं मैदान बघत होतं. ओरडणं थांबलं. मखमल हातमोजे चढवून उभा राहिलासुद्धा.

मला वाटलं, आता हा येणार. इतकी वर्षं त्याला ओळखते. रांगेत कुणी पुढे घुसलं तरी सरकून जागा देणारा माणूस. मी मनात म्हणत होते, दादा, नको, एकदाच नको. आणि दादा खरंच दोन पावलं चालला. पण मंडपाकडे नाही, पंचांकडे. पंच म्हणजे पोस्टातून निवृत्त झालेले काका, कमी ऐकू येतं म्हणून मोठ्यानं बोलावं लागतं. त्यामुळे दादाला आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं बोलावं लागलं.

"काका, मी आऊट आहे का?"

"आं? नाही."

"मग टाकायला सांगा त्याला."

आणि गार्ड घेऊन उभा राहिला. बादली उचलायला वाकल्यासारखा. टुक, टुक. शेठचा हात तसाच वर राहिला. त्या हाताचं काय करावं ते त्याला कळेना, शेवटी त्यानं डोकं खाजवलं. मी हसले, मोठ्यानं हसले, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशी.

या गडबडीत गॅरेजवाला बावचळला आणि पुढच्याच षटकात त्रिफळा उडवून घेऊन परतला. मखमल आला. खोटं कशाला बोलू, पहिला चेंडू त्यानं कव्हर्समधून असा मारला की माझ्याही अंगावर काटा आला. त्याचा मला आणखी राग आला. दुसरा चौकार, तिसरा चौकार, मंडप उभा राहिला, साहेब वाकून बघायला लागले. मग त्यानं एक उंच उचलला आणि सरळ क्षेत्ररक्षकाच्या हातात दिला. त्या वेळी तसल्या फटक्याची काहीच गरज नव्हती. तो परत येईपर्यंत टाळ्या थांबल्या नाहीत. साहेबही टाळ्या वाजवत गाडीत बसून गेले. संघाची वाट लावून परतणाऱ्या माणसाला एवढ्या टाळ्या मी पहिल्यांदा पाहिल्या.

मग पत्त्यांचा बंगला. एक गेला, दुसरा गेला, रांग लागली. पण दुसऱ्या टोकाला दादा होता. सावल्या लांब झाल्या तरी होता. शेवटच्या जोडीदाराला त्यानं जवळजवळ चेंडू खेळूच दिला नाही. शेवटचं षटक सगळं त्याच्या अंगावर होतं, सगळे क्षेत्ररक्षक त्याला चिकटून उभे, आणि त्यांच्या मधोमध चेंडू पायाशी पडत होता आणि मरत होता. पंचांनी बेल्स उचलल्या तेव्हा दादा नाबाद होता आणि ढाल आमची होती.

तो गोलंदाज, दिवसभर त्याच्या बरगड्या शेकणारा, तेवढा आला आणि त्यानं दादाचा हात हातात घेतला. "काका, फार छळलंत तुम्ही." त्या दिवशी दादाला मिळालेलं कौतुक एवढंच. बक्षीस समारंभात प्रेक्षणीय फलंदाजीचं खास बक्षीस मखमलला मिळालं. ढालीसोबतचा फोटो मखमलच्या हातात ढाल देऊन काढला. दादा कडेला उभा होता.

घरी जाताना मिरची माझ्याबरोबर होती. गल्लीच्या तोंडाशी मला राहवेना. "तुझ्या बापाला मारता येत नाही असं वाटतं ना तुला?" मी म्हणाले, आणि तिथेच उभी राहून तिला तो आरसा सांगितला. तो फटका, ते कोपर, पायरीवर बसलेले तिचे आजोबा, हातानं वेचलेले तुकडे, सगळं सांगितलं. "ज्या गल्लीत तो शिकला तिथे तुझा मखमल एक दिवस टिकला नसता. आणि तू बाकावर चढून ओरडतेस? सगळ्यांत मोठ्यानं?" तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. मला तिची दया आली नाही. आज खरं सांगते, अजिबात आली नाही.

दोन दिवसांनी शेठच्या शोरूममधला माणूस दुकानात आला. बरोबर तो फोटो, मोठा करून आणलेला, फ्रेम करायला. अर्थात आमच्याकडेच. लाज नावाची गोष्ट शोरूममध्ये मिळत नसावी. त्यानं फोटो टेबलावर पसरला. मधे मखमल आणि ढाल, शेजारी शेठ, दोन्ही बाजूंना संघ, आणि अगदी डाव्या कडेला एक कोपर आणि बॅटची मूठ. दादाचा तेवढाच भाग फोटोत आला होता.

"शेठ म्हणाले, फोटोच्या चारी बाजूंनी कागदाची पांढरी पट्टी चांगली रुंद ठेवा," माणूस म्हणाला. "कडेचा हा हात तिच्याखाली झाकून जाईल. वाईट दिसतो." मग जरा खाकरून दादाला म्हणाला, "आणि ते म्हणाले, पुढच्या वर्षी तुम्ही आराम करा. तरुणांना संधी द्यायची आहे. पंच म्हणून या हवं तर."

मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. त्या माणसाच्या मालकाचा, मालकाच्या भाच्याचा आणि त्या साहेबांचा मी एकाच दमात उद्धार केला. फोटो उचलून रस्त्यावर फेकायला निघाले तर दादानं तो माझ्या हातातून काढून घेतला.

"जाऊ दे गं. गिऱ्हाईक आहे."

"गिऱ्हाईक? तुझा हात झाकायला सांगतोय तो! तुझाच हात, तुलाच!"

"एक कोपर तर आहे." आणि तो खरंच मोजपट्टी लावून माप घ्यायला लागला. आखूड माप. कोपर झाकणारं. त्या क्षणी मला शेठपेक्षा त्याचा राग आला. एक दिवस मैदानावर उभा राहिलास, आणि आलास परत वाकायला?

मिरची शाळेतून आली होती आणि आतल्या दारात उभी होती. दप्तर पाठीवरच होतं. तिनं सगळं ऐकलं होतं. ती टेबलापाशी आली आणि त्या माणसाकडे न बघता दादाला म्हणाली, "बाबा, त्या दिवशी मीपण ओरडत होते."

"माहितीये."

"सगळ्यांत मोठ्यानं."

"हो. ऐकू आलं."

"मग तुम्ही मला काहीच का नाही बोललात?"

दादानं मोजपट्टी सरळ केली. तिच्याकडे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर त्याला बोलता आलं नसतं, हे मला दिसत होतं. म्हणाला, "बाहेरचा होता. सोडला."

मिरची रडली. तोंड न झाकता, उभ्या उभ्या. शोरूममधला माणूस छताकडे बघायला लागला. मी असते तर सोडला नसता. मी तो चेंडू अजूनही सोडलेला नाही, एखाद्या दिवशी तिच्या सरांच्या दारात जाऊन टाकणार आहे. पण दादानं सोडला होता. त्याच्या चेहऱ्यावर कुठेही तो नव्हता.

मिरचीनं बाहीला नाक पुसलं, आखूड माप धरलेली मोजपट्टी त्याच्या हाताखालून ओढून काढली आणि त्या माणसाकडे वळली. आवाज माझाच होता, पण मी कधी इतक्या हळू बोललेली नाही.

"पांढरी पट्टी लागणार नाही. फोटो आहे तेवढा लागेल, कोपरासकट."

"अगं पण बेटा, शेठ मला काय म्हणतील?"

"त्यांना विचारा, माझे बाबा आऊट होते का?"

माणूस दादाकडे बघायला लागला, हा काहीतरी बोलेल म्हणून. दादा आपल्या मुलीकडे बघत होता. मग त्यानं रॅकमधून मोठी काच काढली, सतरंजीवर आडवी ठेवली आणि एकच रेघ ओढली. काच कडेबाहेर सरकवली. टुक, टुक, टुक. आमच्या दुकानात त्या आवाजाला कुणी हसलं नाही.